वेबसाइटवरची दुसऱ्याची होडी

मोहिद्दीन मूळचा दाभोळचा. दुबईपलीकडच्या उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात, पत्र्याच्या एका शेडमध्ये तो फायबरच्या होड्या दुरुस्त करी. हातात कसब असं, की त्याने बुजवलेली भेग मालकालाही शोधून सापडत नसे. गावी मात्र त्याच्या बायकोने, बिलकीसने, सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की तिकडे आमची मोठी कंपनी आहे. मोहिद्दीननेही ते कधी खोडून काढलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची!

२००२ साली जो तो वेबसाइटचं नाव घेऊ लागला. शारजात कॉम्प्युटरवर काम करणारा विलास त्याच्या शेजारच्या गावचा. तो म्हणाला, "आठशे दिरहममध्ये करून देतो, मोहिद्दीनभाई. शुक्रवारी कॅमेरा घेऊन येतो, तुमच्या कंपनीचे फोटो काढू."

मोहिद्दीन घाईघाईने म्हणाला, "आठशे? म्हणजे दहा हजार रुपये झाले! नको बाबा, मीच शिकतो."

पैसे हे नुसतं निमित्त. ती शेड आणि दोन ड्रमांवर फळकूट टाकून केलेलं 'ऑफिस' विलासने पाहिलं, की पंधरा दिवसांत दाभोळच्या जेट्टीवर हसू होणार, हे खरं दुखणं होतं.

मग स्वारी महिनाभर सायबर कॅफेत. एका बोटाने टाइप करत, इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या जागेवर त्याने पान उभं केलं. चिकाटी मानायलाच हवी. पण फोटोची वेळ आली तेव्हा या शहाण्याने शारजाच्या एका कारखान्याच्या साइटवरून पांढरीशुभ्र नवी होडी उचलली आणि खाली लिहिलं, 'आमचं काम'. मग साइटचा पत्ता टाकून कार्डं छापली. पहिलं कार्ड दिलं अबू फहदला.

अबू फहद म्हणजे म्हातारा मच्छीमार, दहा वर्षांचं गिऱ्हाईक. आठवड्याने तो शेडमध्ये आला आणि आपल्या मुलाने कॉम्प्युटरवरून छापून दिलेलं ते पान त्याने फळकुटावर पसरलं.

"हबीबी, ये बोट मेरे चचा के बेटे का है. शारजा में बना. तुम ने नहीं बनाया."

मोहिद्दीनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता हा आपल्याला चोर म्हणणार आणि जाणार, दहा वर्षांची इज्जत खलास. "गलती हो गया, अरबाब," तो कसाबसा म्हणाला.

म्हातारा रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने नुसतं बाहेर उभ्या आपल्या जुन्या होडीकडे पाहिलं.

"चार बार तुम ने मेरा बोट ठीक किया. मैं बच्चा लोग को लेके समुंदर जाता है. मेरा बोट फोटो के लिए अच्छा नहीं?"

मोहिद्दीनची मान वर होईना. शेडची लाज त्याने इतकी वर्षं पोसली होती. त्या लाजेपायी आपण या माणसाची होडीही लपवली, हे त्याला आत्ता कळलं, आणि पहिल्यांदाच त्याला खरी लाज वाटली.

संध्याकाळी त्याने विलासला फोन लावला. "शुक्रवारी ये, कॅमेरा घेऊन."

"कंपनीत ना?"

"कंपनी नाही रे. पत्र्याची शेड आहे आणि मी एकटा आहे. गावात सांगितलंस तरी चालेल. पण पहिला फोटो अबू फहदच्या होडीचा काढ."