नवा ब्रेक आणि मागची सीट

पर्वत पाटियाच्या चौकात पुढची रिक्षा थांबली आणि माझी गाडी थांबली नाही. मी पुढचा ब्रेक मुठीत आवळला, मागचा पायाने दाबला, तरी गाडी आपल्या सवडीने सरकत जाऊन रिक्षाच्या पत्र्याला टेकली. कुणाला लागलं नाही. रिक्षावाल्याने मान बाहेर काढून आम्हा दोघांकडे पाहिलं आणि परत आत घेतली. मागे बायको बसली होती. घरी येऊन मी चावी खिळ्याला अडकवली तेव्हा ती म्हणाली, "भाचीच्या लग्नाला मी एसटीने जाईन. तुमनी गाडी तुमले लखलाभ."

आम्ही मूळचे खानदेशातले, कामासाठी या गुजराती शहरात आलेले. तिचं माहेर कोंडाईबारीचा घाट चढून गेल्यावर, दहिवेलच्या पुढे; लग्नही तिथेच. लग्न झाल्यापासून माहेरी जायचं ते याच गाडीवरून. साडेतीनशे सीसीची जुनी जड गाडी, पुढच्या चाकालाही ड्रम ब्रेक. सोनगढला चहा, नवापूरला पाय मोकळे करायचे. घरात जे बोलणं होत नाही ते त्या रस्त्यावर होतं; ती माझ्या खांद्यामागून बोलते, मी पुढे बघत हूं हूं करतो. ती एसटीने गेली तर मी एकटा गाडी घेऊन काय करणार, हा प्रश्न मला पडला. म्हणून पुढच्या चाकाला, गाडी पटकन थांबवणारा डिस्क ब्रेक बसवायचं ठरवलं.

उधन्याच्या मेकॅनिकने पुढचं चाक, त्याचे दोन्ही दांडे, हँडलवरची मूठ, सगळंच बदललं. "काका, हवे माखण जेवी चालशे," तो म्हणाला. म्हणजे लोण्यासारखी चालेल. पण लोण्यावर माझा विश्वास बसत नाही. मी कापडाच्या कारखान्यात स्टॉक सांभाळतो. माल मोजल्याशिवाय आत घेत नाही. जुना ब्रेक काढण्याआधीच मी इच्छापोरच्या रिकाम्या रस्त्यावर एका रविवारी मोजून आलो होतो. मागे बायकोच्या वजनाइतकं कापडाच्या ताग्यांचं पार्सल, वेग चाळीस, खडूची रेघ आली की ब्रेक. गाडी अठरा मीटरवर थांबली होती. नव्या ब्रेकने तेच पार्सल, तोच वेग, अकरा मीटर. तीनदा करून पाहिलं. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, "सात मीटर वाचले. रिक्षाच्या अडीच लांब्या."

"बरं," ती म्हणाली आणि साडीचा पदर खोचून भाजीला जायला मागे बसली.

उधना दरवाजाच्या अलीकडे सिग्नल लाल झाला. मी नेहमीसारखा ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली, पण बायको थांबली नाही. ती सीटवरून घसरत माझ्या पाठीवर आली, शर्ट धरायला गेली तर खिशाची शिवण उसवली, आणि एक पाय रस्त्यावर टेकला म्हणून पडली नाही. सिग्नल हिरवा झाला तेव्हा ती फुटपाथवर होती. "जा तुम्ही," म्हणाली. भाजी घेऊन ती चालत घरी आली.

मला काही कळेना. थांबायला वेळ लागला तेव्हा ती घाबरली, आता लगेच थांबली तरी घाबरली. आकडा चुकला असेल म्हणून पुन्हा इच्छापोरला गेलो. पार्सल तसंच, अकरा मीटरही तसेच. मेकॅनिककडे गेलो. त्याने चाक फिरवून पाहिलं, मूठ दाबून पाहिली. "ब्रेक बराबर छे, काका. काकीने कहो पकडीने बेसे." पकडून बसायला सांगा. मी त्याला ब्रेक थोडा नरम करता येईल का विचारलं. तो माझ्याकडे असा बघू लागला की जणू मी दुधात पाणी घालायला सांगतोय.

पुढच्या रविवारी मी दारात पुन्हा पार्सल बांधत होतो. कसं बांधायचं हे मला ठरवावं लागत नाही. इथे दर दुसऱ्या दुचाकीवर असंच पार्सल असतं: सीटवर आडवं टाकायचं, दोन्हीकडे सारखं लोंबेल असं, आणि सीटखालून दोरी काढून आवळायचं. खड्ड्यात गाडी जाईल, पार्सल हलणार नाही. बायको ओट्यावर मेथी निवडत होती.

"ह्याला दोऱ्या किती?" तिने विचारलं.

"चार."

"आणि मले?"

मी चौथी गाठ आवळली.

"हे दोन्हीकडे पाय टाकून बसलंय. मी एका बाजूला बसते, एका हाताने तुमचा खांदा धरून. ह्याच्यावरून माझं काय मोजता?" मग काड्या बाजूला सारत म्हणाली, "आणि वजन किती धरलंय?"

"तुझ्याइतकंच. पासष्ट किलो."

"पासष्ट," ती म्हणाली आणि मेथी घेऊन आत गेली.

माहेरच्या रस्त्याला ती दोन्ही बाजूंना पाय टाकून बसेल, हे मी सुचवायचं धाडस केलं नाही. तिच्या माहेरी बाई अशी बसली की म्हणतात, घोड्यावर बसून आली. पण लग्नाच्या आदल्या दिवशी ती पंजाबी ड्रेस घालून बाहेर आली, ओढणी कमरेला गुंडाळली आणि दोन्हीकडे पाय टाकून बसली. "निघा," म्हणाली. व्यारापर्यंत मी ब्रेक भीतभीत दाबत होतो. सोनगढच्या पुढे एक म्हैस आडवी आली. मी डिस्क पूर्ण दाबली, गाडी थांबली, बायकोही थांबली. म्हशीने वेळ घेतला.

घाट चढून दहिवेल मागे पडलं. गाव दिसायला लागल्यावर तिने खांद्यावर थाप मारली. उतरली, ओढणी डोक्यावर घेतली आणि एका बाजूला बसली. आता पुढचा ब्रेक लावायचा नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. मी मांडवाजवळ नुसता मागचा ब्रेक दाबला. गाडी मांडव आणि आचाऱ्याची चूल मागे टाकत पुढे गेली आणि पाण्याच्या टँकरपाशी थांबली.

तिचा भाऊ हसत मागून आला. "दाजी, इतक्या वर्षांत ब्रेक नाही बसवला का गाडीला?"

"बसवलाय," बायको उतरता उतरता म्हणाली. "नवीन आहे."

लग्न लागलं, पाहुणे पांगले. परत निघताना मी हळूच विचारलं, "दुपारची एसटी आहे, जाशील? घाट उतरायचा आहे, पुढचा ब्रेक लागेल."

भावजया, काकू, शेजारच्या बाया निरोप द्यायला दारात उभ्या होत्या. तिने पिशवी माझ्या हातात दिली, ओढणी कमरेला गुंडाळली आणि सगळ्यांच्या समोर पाय पलीकडे टाकून बसली. गावाबाहेर जाईपर्यंतही थांबली नाही. काकूने तोंडावर हात ठेवला.

जाताना लाज वाटत होती आणि परतताना का वाटली नाही, याचा मी बारडोलीपर्यंत विचार करत होतो. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. पण घाटात ती माझ्या खांद्यामागून भाचीच्या सासूबद्दल बोलत होती आणि मी वळणावळणाला पुढचा ब्रेक दाबत हूं हूं करत होतो.