पऱ्हाटीचा पहिला वाटा

"मशीन पुढं गेलं त आमच्या अंगावरूनच जाईन!" असं म्हणत कांताबाईंनी चुरा करणाऱ्या श्रेडरसमोर बसकण मारली. त्यांच्यामागे वेचणीच्या साऱ्या बाया बसल्या. अंजनगाव सुर्जीजवळचं शेत, टळटळीत ऊन, आणि मी, जैवइंधन विभागाची इंजिनियर, चाट पडून उभी.

सरकारचं नवं धोरण तयार होत होतं. शेतात जे उरतं त्यातून इंधन, खत, उद्योग उभे करायचे. आमच्या भागातली ट्रायल माझ्याकडे होती. कापूस संपला की वाळलेली पऱ्हाटी शेतात उभी राहते. तिचा चुरा करायचा आणि अकोल्याच्या प्लँटमध्ये दाबून पेलेट, म्हणजे बोटाएवढ्या कांड्या, करायच्या. कोळशाबरोबर त्या बॉयलरमध्ये जळतात. ट्रायल फसली तर वऱ्हाडाचं नाव धोरणातून जाणार, हे वरून बजावलेलं होतं.

शेतमालक वानखडेभाऊ आधीच म्हणाले होते, "पेटवूनच देतो आमी. कचराच हाय, न्या!"

"कचरा?" कांताबाई उसळल्या. "उलंगवाडी झाली का पऱ्हाटी आमी उपटतो अन् मोळ्या घरी नेतो. सासूच्या वक्तापासून हेच चालू हाय. वर्षभराचं सरपण हाय ते! चुलीत का तुमचं धोरण घालू?"

उलंगवाडी म्हणजे कापसाची शेवटची वेचणी. वानखडेभाऊ डोकं खाजवू लागले. "हो, नेतात बाया. उरलेली पेटवतो. ते सांगाचं राहूनच गेलं."

असा संताप आला! वानखडेभाऊंचा आला, आणि आमच्या विभागाचाही. आमच्या मसुद्यात सगळीच पऱ्हाटी 'अतिरिक्त' होती. मी मुंबईला साहेबांना फोन लावला.

"पोलीस बोलवा."

"नाही बोलावणार, साहेब. आधी बायांचा वाटा काढते."

"माल कमी पडला तर?"

"तर ट्रायल माझ्यामुळे फसली असं लिहा."

फोन ठेवला. मशीन बंद करायला लावलं. "मावशी, आधी तुमचं सरपण न्या. उरलेली आम्हाला गोळा करून द्याल? मजुरी प्लँटकडून मिळेल."

"मंग असं बोला ना! पयले काहून नाई सांगतलं?"

बायांनी आपल्या मोळ्या बांधल्या आणि मग जी कामाला लागली मंडळी! ज्यांच्या ज्यांच्या शेतात वेचणी केली होती, तिथले पेटवायला रचलेले ढीगसुद्धा उचलून आणले. एक ट्रक भरला, दुसरा मागवला. शेवटी प्लँटचा मॅनेजरच फोनवर म्हणाला, "मॅडम, आता थांबा. ठेवायला जागा नाही."

अंतिम धोरणात एक कलम आलं: पिकाचे अवशेष उचलण्याआधी ते आजवर वापरणाऱ्यांचा वाटा बाजूला काढावा. "आपलं कलम छान झालंय," साहेब म्हणाले. आपलं म्हणे! ते मी लिहिलंय, आणि मला त्याचा भलता अभिमान आहे. आता कोणी कशाला कचरा म्हटलं, की तो सध्या कोण नेतं हे मी आधी विचारते.

पुढच्या उलंगवाडीच्या तोंडावर कलम कांताबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली.

"ते ठीक हाय, मॅडम. पण यंदा मशीन कवा येते?"