मावशीने पुसलेला तारा

व्हिनेगरची बाटली उघडली की मला अजून मावशी आठवते. फोटो धुण्याच्या रसायनांचा तसाच आंबट वास तिच्या कपड्यांना यायचा. स्टुडिओत तिचं काम एकच. छापलेल्या फोटोवर धुळीचा पांढरा डाग दिसला, की बारीक ब्रशने रंग लावून तो बेमालूम बुजवायचा. डाग म्हटला की तिचं डोकंच फिरायचं. काकांच्या फोटोतला हनुवटीवरचा तीळही तिने उडवला होता आणि वर त्यांना ऐकवलं होतं, "आता कसे माणसात आलात!"

काका गेल्यावर वर्षभराने विज्ञान केंद्राच्या बाईंनी अवकाश दुर्बिणीने टिपलेल्या एका तेजोमेघाचा फोटो मोठा करायला दिला. एकात एक निळी-तांबूस कडी आणि बरोबर मधोमध पांढरा ठिपका. मावशीने तो बुजवून टाकला.

फोटो न्यायला आलेल्या बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, तोच तर तारा! म्हातारपणी त्याने अंगावरचे थर सोडले, त्यांचीच ही कडी. जमिनीवरून नुसता धूसर गोळा दिसायचा. दुर्बीण हवेच्या वर गेली, तेव्हा कुठे हे सगळं स्वच्छ दिसलं. आणि तुम्ही त्यालाच पुसलंत?"

"मला वाटलं, वरही धूळ असेल," मावशी पुटपुटली आणि तिने दुसरी प्रत काढून दिली.

संध्याकाळी घरी येऊन तिने काकांचा फोटो चौकटीतून बाहेर काढला, चष्मा लावला आणि ब्रशच्या टोकाने हनुवटीवर तीळ ठेवला.

"या," ती फोटोला म्हणाली, "आता ओळखू आलात."