भावोजींचं बालपण मजेत गेलं

माझे भावोजी सुतार. मी त्यांच्याच कारखान्यात पॉलिश मारतो, म्हणून अधिकाराने सांगतो, असा हट्टी माणूस शोधून सापडायचा नाही. वीस वर्षांपूर्वीच्या कपाटाची मापं तोंडपाठ, पण दहाव्या वर्षाआधीचं काही विचारा, एकच उत्तर. "मजेत गेलं बालपण." काय मजा, ते मात्र सांगता यायचं नाही.

प्रत्येक कपाटाच्या पाठीला, तळाशी, ते बोटभर भोक पाडत. झुरळं शिरतात म्हणून गिऱ्हाइकं कटकट करायची. "लाकडाला हवा लागते," एवढंच. मी एकदा गुपचूप भोक बुजवलं, तर दोन दिवस अबोला.

यंदा त्यांनी धाकट्या भावाकडच्या म्हाताऱ्या वडिलांना घरी आणायचं ठरवलं. खाट टाकली माझ्या सहा वर्षांच्या भाचीच्या खोलीत. हे कळताच त्यांची थोरली बहीण, कधी न फिरकणारी, तडक कारखान्यात आली.

"पोरीजवळ बाबांना ठेवू नकोस. तुला कपाटात कोंडायचे ते. दिवस दिवस."

"काहीतरीच काय ताई. बाबांनी कधी बोट लावलं नाही मला."

"बोट कशाला लावतील? कडी लावायचे. मागून भोक मी पाडलं होतं, खिळ्यानं. तिथं नाक लावून बसायचास."

भावोजींचा रंधा थांबला नाही. "मला असं काही आठवत नाही," म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते. मला ताईंचाच राग आला. म्हाताऱ्या माणसावर काय वाट्टेल तो आळ.

रविवारी वडील आले. गोड बोलले. जेवताना भाचीच्या हातून पेला लवंडला. म्हाताऱ्याने आवाजही चढवला नाही. हळूच विचारलं, "कपाट कुठंय रे?"

पोर पाणी पुसत होती, तिला काही कळलं नाही. भावोजी मात्र भरल्या ताटावरून उठले. शेहेचाळीस वर्षांचे, दारात मावत नाहीत असे. भिंतीतल्या कपाटातले बूट त्यांनी बाहेर काढले, गुडघे पोटाशी घेऊन आत बसले आणि दार स्वतःच ओढून घेतलं.

माझ्या बहिणीने दार उघडलं. "बाहेर या ना," ती रडत म्हणाली.

"बाबांना विचारलंस?"

ताईंची मी मनोमन माफी मागितली, आणि त्याच दुपारी म्हाताऱ्याला धाकट्याकडे परत पोचवलं. संध्याकाळी भावोजी कारखान्यात माझ्यावरच उखडले.

"बाबा जेवणसुद्धा पुरं न करता गेले. तुम्ही कोणी काही बोललात का त्यांना?"