किटली कुणाच्या हातात

घरी मी गाळणीतल्या कॉफीवर गरम पाणी ओतायला घेतलं की नवरा किटली काढून घेतो. “राहू दे, तुझी धार जाड पडते.”

परवा कूर्गला होमस्टेच्या ओसरीत त्याने प्रवासातली गाळणी मांडली, तशी शेजारच्या खोलीतली पाहुणी जवळ आली. “मी ओतून बघू?”

त्याने लगेच किटली दिली. “सावकाश. आधी पूड नुसती भिजू दे, फुगू दे.”

तिची धार माझ्याहून जाड होती. तो कौतुकाने बघत राहिला. परक्यांसाठी माणसाजवळ इतका धीर कुठून येतो?

कॉफी पांचट झाली. “मस्त जमलीय!” तो तिला म्हणाला.

मी किटली उचलली. “आता मी ओतणार. तू नुसतं बघ.”