सुधारणेचे गुण

शाळेत सगळे त्यांना शिट्टीसर म्हणत. गळ्यात शिट्टी, डोक्यात न्याय. झोपताना ते शिट्टी तेवढी काढून ठेवत.

आधीचे सर व्यायामाचे गुण पोट बघून देत. गुटगुटीत पोराला क, काटकुळ्याला अ, मिटला विषय. शिट्टीसरांना हे बघवेना. त्यांनी नवी पद्धत काढली: वर्षाच्या सुरुवातीला मैदानाला एक फेरी, वर्षाअखेर पुन्हा एक, आणि मधे जो जितका सुधारला तितके त्याला गुण. देवानं दिलेल्या पायांना नाही, गाळलेल्या घामाला गुण. मुख्याध्यापकबाईंनी भर सभेत पाठ थोपटली.

पोरं हुशार. यंदा पहिल्या फेरीला जवळजवळ अख्खा वर्ग लंगडत आला. कुणाचा गुडघा, कुणाची कंबर, दोघी तर गप्पा मारत बागेत फिरल्यासारख्या. सरांनी हळहळून प्रत्येकाच्या प्रकृतीची चौकशी केली. वर्षाअखेर हीच पोरं वाऱ्यासारखी सुटली, तेव्हा सरांनी घरी स्वतःचं कौतुक मांडलं.

बायको म्हणाली, "अहो, लंगडे इतके बरे होत असतील तर शाळा सोडा, दवाखाना काढा."

घोळ केला हरिणीनं. ही वर्गातली खरी धावपटू. पहिल्या फेरीला जीव तोडून धावली, शेवटच्या फेरीलाही तशीच. सुधारणा शून्य, म्हणून क. आणि क मिळालेल्याला शाळेच्या संघात जागा नाही, हा नियमही सरांचाच.

ती शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. "सर, चुकलं. पुढच्या वर्षी मीपण आधी हळू धावेन."

"मीपण म्हणजे?"

"सगळे तसंच करतात ना. तुम्हाला माहीत नव्हतं?" सरांच्या भोळेपणाची तिलाच लाज वाटली.

सर थेट मुख्याध्यापकबाईंकडे गेले.

"राहू द्या हो," बाई म्हणाल्या. "सगळ्यांना अ आहे, पालक खूश आहेत."

"आणि हरिणी?"

"एकटीच तर आहे."

सरांनी त्याच संध्याकाळी गुण बदलले. पहिल्या फेरीला ज्याला धाप लागली नव्हती, त्याला क. कोण कोण ते आठवायला कष्ट पडले नाहीत; सगळ्यांची चौकशी त्यांनी जातीनं केली होती. एक गोलमटोल मुलगा दोन्ही वेळा लालबुंद झाला होता, त्याचा अ राहिला. हरिणीलाही अ मिळाला आणि संघात जागा.

दुसऱ्या दिवशी पालकांची रांग लागली. बाईंनी ती सरांकडे वळवली.

"आमच्या बाळाला क?"

"काळजी नको," सर म्हणाले, "सुधारायला भरपूर वाव आहे."