नियाजभाईंचा पेनड्राइव्ह

माधवनगरात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या नियाज मुलाणीला एका जागी बसणं ठाऊकच नव्हतं. त्यात सकाळपासून शकुंतलाबाईंच्या लॅपटॉपनं त्याचा जीव खाल्ला होता. व्हिडिओ लावला रे लावला की ब्राउझर बंद. त्यानं ब्राउझर काढून पुन्हा घातला, एकेक सेटिंग बदलून पाहिलं, तीनदा उठून पाणी प्यायला.

"कुठनं काय काय उतरवून घेता तुमी!" शेवटी तो खेकसला.

"आवं, मी कशाला हात लावला न्हाई. गेल्या महिन्यात तुमीच कायतरी घालून दिलंय की."

नियाजला आपला पेनड्राइव्ह आठवला. कुठलंही गाणं चालावं म्हणून दुरुस्तीच्या प्रत्येक मशीनमध्ये तो पेनड्राइव्हमधलं एक जुनं सॉफ्टवेअर फुकट घालून द्यायचा. वर्षानुवर्षांची सवय. त्यानं ते काढलं. यमाईच्या आरतीचा व्हिडिओ आता शेवटपर्यंत चालला.

बाई खुशीत गेल्या. नियाज पेनड्राइव्ह हातात घेऊन दुकानातच येरझाऱ्या घालू लागला. किती घरांत घातलं असेल हे? तेवढ्यात दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला.

"नियाजभाई, गाणं लावलं की सगळं बंद पडतंय. पर मी काय बी केलं न्हाई हं!"

"ठाव हाय," नियाज चपला शोधत म्हणाला, "मीच केलंय. आलोच."